गढूळ पाण्यातला स्पिनरबेट: पावसानंतर शहरातल्या पाण्यात वापरून काय कळलं

अर्धा औंस म्हणजे साधारण १४ ग्रॅमचा स्पिनरबेट (तारेवर गळ आणि फिरतं पातं असलेलं, मासे धरायचं खोटं आमिष), एकच मोठं गोल कोलोरॅडो पातं, काळी-निळी सिलिकॉनची झालर आणि पाकिटावर ठळक अक्षरात ‘गढूळ पाण्यासाठी’. असे तीन घेतले होते. एक पुलाच्या खांबामागे कशात तरी अडकून गेला, एकाची तार वाकून वाकून तुटली आणि तिसरा अजून डब्यात आहे, त्याच्या डोक्याचा रंग उडालाय, झालर विरळ झालीय, पण जोराचा पाऊस पडून गेला की हात पहिला त्याच्याकडेच जातो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा आकार बरेच जण बनवतात आणि खाली ज्या तक्रारी आहेत त्या या एकाच पाकिटापुरत्या नसाव्यात.

आधी कुठल्या पाण्याबद्दल बोलतोय ते सांगतो. शहरातून जाणारी नदी, काँक्रीटच्या भिंतींमधला कालवा, ज्यात पावसाचे नाले येऊन पडतात असं तळं. मोकळ्या रानातल्या नदीला पाऊस लागला की पाणी दमाने चढतं कारण बरंचसं माती पिऊन घेते. शहरात पिणार कोण, छपरं, रस्ते, पार्किंग सगळं टणक, पडलेलं पाणी पाइपातून सरळ नदीत, त्यामुळे बघता बघता पाणी भिंतीवर हातभर चढतं आणि पाऊस थांबला की तेवढ्याच घाईने उतरतं. पाकिटावर नुसतं ‘गढूळ’ लिहिलंय, पण चढतं गढूळ आणि उतरतं गढूळ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि हा स्पिनरबेट फक्त दुसऱ्यात चालतो, पहिल्यात मी तीन वेळा जाऊन एक टोचणीसुद्धा न मिळता परत आलोय.

आता पात्याचं. स्पिनरबेटची पाती साधारण तीन आकारांची मिळतात, गोलसर ते कोलोरॅडो, लांब निमुळतं ते विलो आणि मधलं थेंबासारखं ते इंडियाना. विलो भराभर फिरतं आणि चमक जास्त देतं, स्वच्छ पाण्यात ऊन असेल तर त्याला तोड नाही. पण चमक दिसायला मुळात काहीतरी दिसायला पाहिजे ना, हातभर अंतरावरचं दिसत नाही तिथे चमकून काय होणार. कोलोरॅडो पातं सावकाश फिरतं पण प्रत्येक फेरीला पाणी जोरात ढकलतं, आणि मासा हे ढकललेलं पाणी अंगाने ओळखतो. माशाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी बारीक रेघ दिसते ना, पार्श्वरेषा म्हणतात तिला, तिच्यात पाण्याची हालचाल कळणाऱ्या पेशी असतात आणि कमी कंपनं तिला सगळ्यात चांगली कळतात. डोळेच नसलेले गुहेतले मासे आहेत, ते ह्याच रेषेच्या जोरावर दगडाला न धडकता पोहतात. फक्त एक आहे, ही जाणीव जवळच्या जवळ चालते, माशाच्या एक-दोन लांबीपर्यंत समजा. म्हणजे लांबवर भारी कास्ट, म्हणजे फेक, मारून मासा शोधत येईल ही आशा नको, पातं त्याच्या नाकासमोरून न्यावं लागतं, आणि सावकाश.

सावकाश हा ह्या स्पिनरबेटचा खरा गुण. गोल पातं पाण्यात उचल घेतं त्यामुळे रीळ अगदी हळू फिरवलं तरी तो तळाला बसत नाही, तळाच्या थोडा वर तरंगत येतो. विलोवाला इतका हळू आणला की मरतो, पातं फिरतच नाही. मी ह्याला अशा वेगाने आणतो की पात्याची धडधड रॉडच्या मुठीत मोजता येईल. आणि ही धडधडच मला ह्या वस्तूत सगळ्यात जास्त आवडते, मनापासून सांगतो. पाण्यात काही दिसत नाही, पण हाताला सगळं कळतं. धडधड एकसारखी आहे म्हणजे वाट मोकळी आहे. धडधड जड झाली म्हणजे पाण्याची ओढ बदलली, भोवऱ्यातून धारेत आला. धडधड एकदम मेली की दोनच गोष्टी, पिशवी नाहीतर मासा, आणि दोन्हीत रॉड उचलायचाच.

त्यासाठी लाईन मात्र ब्रेडेड, म्हणजे विणलेली, पाहिजे. नायलॉनवर मी पहिले दोन दिवस वापरला आणि वाटलं पातं जाम आहे की काय, काहीच कळेना. नायलॉन ताणलं जातं, अर्धी कंपनं तिथेच गिळली जातात. ब्रेड लावली आणि तोच स्पिनरबेट हातात जिवंत झाला. शेवटी दीड-दोन हात जाड लीडर, म्हणजे लाईन आणि गळ यांच्यामधला जाड तुकडा, बांधा कारण काँक्रीटच्या कडेवर ब्रेड घासली की संपली.

आता ज्या संध्याकाळी ह्या वस्तूवर माझा विश्वास बसला ते सांगतो. दिवसभर पाऊस होता, दुपारी थांबला. मी गेलो तेव्हा भिंतीवर ओल्या पट्ट्याची रेघ पाण्यापासून दीड वीत वर होती, म्हणजे पाणी तेवढं उतरलं होतं. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. मी आधी काय करतो, स्पिनरबेट रॉडच्या टोकाखाली सरळ पाण्यात सोडतो आणि पातं कधी दिसेनासं होतं ते बघतो. (अँजेलो सेकी नावाच्या इटालियन माणसाने १८६५ मध्ये पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून पाण्याचा स्वच्छपणा मोजायची रीत काढली, ती अजून तशीच वापरतात, आपलं हे तेच, पात्याने केलेलं.) त्या दिवशी वीतभर खाली दिसेनासं झालं. चार बोटांच्या आतच गेलं असतं तर मी रॉड आवरला असता, वीतभर म्हणजे ठीक.

समोर पुलाचा खांब आणि त्याच्या थोडं खाली एका बाजूच्या नाल्याचं तोंड. नाल्यातून येणारं पाणी नदीपेक्षा बरंच नितळ होतं, त्यामुळे दोन पाण्यांची एक सरळ शिवण दिसत होती, इकडे तपकिरी, तिकडे हिरवट, मधे फेसाची आणि पानांची रेघ. जोराच्या ओढीत मासा उगाच ताकद घालवत नाही, तो खांबामागे, भिंतीच्या खाचेत, अशा शिवणीच्या मंद बाजूला उभा राहतो आणि वाहत आलेलं टिपतो, पावसाने धुऊन आणलेली गांडुळं, किडे सगळं त्याच रेघेतून जातं. मी तिरका कास्ट मारला, शिवणीच्या पलीकडे टाकून तिच्यावरून अलीकडे आणला. पहिल्या दोन्हीला काही नाही. तिसऱ्याला शिवण ओलांडताना धडधड, धडधड, आणि मग काहीच नाही, जसं कोणी चालू पंख्यावर हात ठेवावा. रॉड उचलला तर वजन, आणि ते वजन खाली खांबाकडे चाललेलं.

कॅटफिश होता, मिशीवाला, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल इतका. त्याच्या मिशांवर चव घेणाऱ्या पेशी असतात, असल्या पाण्यात त्याला डोळ्यांची गरजच कमी. गळ वरच्या ओठाच्या कोपऱ्यात अगदी स्वच्छ बसला होता, एकच गळ असल्याचा हा फायदा, तिकटी गळ असते तर सोडवताना त्याचे हाल झाले असते आणि माझ्या बोटांचे पण. ओल्या हाताने धरला, जाळीतच ठेवून पक्कडने गळ काढला, तोंड पाण्यात करून जरा वेळ धरला, शेपटी मारली आणि गेला. त्यानंतर अंधार पडेपर्यंत अजून दोन लागले, एक सुटला. ह्याच जागी त्याआधी चढत्या पाण्यात मी तासभर हाच स्पिनरबेट मारला होता आणि फक्त पिशव्या, दोऱ्या आणि एक चप्पल काढली होती.

रंगाबद्दल लोक खूप वाद घालतात. मी काळा-निळा आणि पोपटी-पिवळा दोन्ही वापरले. चहाच्या रंगाच्या पाण्यात निळा प्रकाश लवकर मरतो, लाल-नारिंगी बाजूचा जरा जास्त खोल जातो, आणि काळा रंग खालून आकाशाकडे बघताना सावलीसारखा ठळक दिसतो. मला संध्याकाळी काळा आणि भर उजेडात पोपटी बरा वाटला, पण फरक इतका नाही की त्यासाठी दुसरा घ्यायलाच पाहिजे. पात्याच्या आकारात जीव आहे, रंगात नाही.

आता तक्रारी, आणि ह्या मला पटकन उरकायच्या नाहीत. पहिली आणि मोठी, पातं जिथे अडकवलंय तो स्विव्हल, म्हणजे फिरती कडी. ह्यात साधा बॅरल स्विव्हल दिलाय, बॉल बेअरिंगवाला नाही. पावसाच्या पाण्यात बारीक रेती असते, ती त्या फिरकीत जाऊन बसते आणि दुसऱ्याच फेरीला पातं अडखळायला लागतं. एकदा तर पातं फिरतच नव्हतं आणि मी अर्धा तास नुसता मेलेला धातू ओढत होतो, भिंग लावून बघितलं तर रेतीवर प्लॅस्टिकच्या पोत्याचा एक धागा इतका घट्ट गुंडाळला होता की ब्लेडने कापून काढावा लागला. जी वस्तू गढूळ पाण्यासाठी म्हणून विकताय, जिचा सगळा खेळ त्या एका फिरण्यावर आहे, तिथे काटकसर करायला नको होती. मी दोन्हीचे स्विव्हल बदलून बॉल बेअरिंगवाले टाकले, पाच मिनिटांचं काम, दोन रिंगा उघडायच्या आणि लावायच्या, आणि त्यानंतर पातं नुसत्या फुंकरीने फिरतं. घेणार असाल तर हे काम घरीच करून मग पाण्यावर जा.

दुसरं, तार. पातळ तार असली की कंपनं छान येतात पण काँक्रीटवर दोन-चारदा आपटली की वाकते, हाताने सरळ केली की परत वाकते आणि मग त्याच जागी तुटते. माझी तशीच तुटली, मासा लागलेला असताना नाही हे नशीब. वाकलेली तार अंदाजाने सरळ न करता गळ आणि तारेची पात्याकडची वरची बाजू एका रेषेत आहेत ना ते बघून करा, नाहीतर स्पिनरबेट एका कुशीवर चालतो.

तिसरं, डोकं शिशाचं आहे. रंग उडाला की खालचं करडं शिसं उघडं पडतं आणि शहरात रंग उडणारच, सगळीकडे भिंती. शिसं पाण्यात राहिलं की बदकं, हंस खड्यांबरोबर ते गिळतात आणि विषबाधेने मरतात, ह्याच कारणाने ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आहे. खांबामागे गेलेला माझा तो एक मला अजून खटकतो. बिस्मथ किंवा टंगस्टनच्या डोक्याचा असाच स्पिनरबेट मिळाला तर मी तो घेईन, जास्त पैसे पडले तरी.

अडकण्याच्या बाबतीत मात्र मानलं. तार सेफ्टी पिनसारखी गळाच्या पुढे असल्यामुळे फांदीला, लोखंडी सळईला आधी तार लागते आणि गळ वरून निघून येतो. क्रँकबेट, म्हणजे उघडे तिकटी गळ असलेला खोटा मासा, असता तर मी डझनभर घालवले असते. पिशवीला मात्र कशाचाच उपाय नाही, पिशवी येतेच, काढायची, सोबतच्या पोत्यात टाकायची आणि पुढचा कास्ट.

पाकिटावर एक ओळ असायला पाहिजे होती जी नाही, ती मी लिहितो. पावसाचं पहिलं पाणी सगळ्यात घाण असतं. कोरड्या दिवसांत रस्त्यावर साठलेलं तेल, ब्रेकची धूळ, टायरची भुकटी सगळं पहिल्या सरीबरोबर खाली येतं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या शहरी ओढ्यांत पाऊस पडला की अंडी घालायला आलेले कोहो सामन मासे मरायचे, बरीच वर्षं कारण कळत नव्हतं, २०२० मध्ये संशोधकांना सापडलं की टायर टिकावा म्हणून रबरात जे रसायन घालतात त्याचा ओझोनशी संबंध येऊन तयार झालेला पदार्थ त्यांना मारत होता. आणि ज्या जुन्या शहरांत सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाइपातून जातं तिथे पाइप भरला की ते सगळं न साफ करता नदीत सोडलं जातं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैला होती ती ह्याच कारणाने दुसऱ्या दिवशी घ्यावी लागली, सेन नदी पावसाने इतकी बिघडली होती. लंडनने ह्याच दुखण्यासाठी २५ किलोमीटरचा बोगदा बांधलाय. मग आपल्या समोरचं पाणी पाऊस थांबल्यावर लगेच चांगलं असेल कशावरून?

म्हणून पाणी राखाडी असेल, वास येत असेल तर रॉड काढूच नका. ही सगळी घाण कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते. मी एकदा तळ्यावर गेलो तर कडेला बोटभर लांबीचे मासे शेकड्याने वर येऊन तोंड उघडत-मिटत होते, मोठे पण त्यांच्यातच. हवेतून श्वास घेता येणारे मासे असतात, मरळ, मागूर वगैरे, ते तगतात, बाकीच्यांचा जीव चाललेला असतो. तेव्हा त्यांच्यासमोर पातं फिरवणं मला झालं नाही, दमलेल्या माशाला लढवायचं आणि मग सोडलं म्हणायचं, तो जगत नाही. तिथून जवळच्या पालिकेच्या माणसाला फोन करून सांगितलं आणि घरी गेलो.

हाताला खरचटलं असेल तर हातमोजे घाला किंवा जाऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) जंतू पाण्यात येतात आणि जखमेतून, डोळ्यातून अंगात शिरतात, ताप यायला आठ-दहा दिवस लागू शकतात आणि तोपर्यंत आपण नदीवर गेलो होतो हे विसरलेलो असतो, ताप आला तर डॉक्टरला मुद्दाम सांगा. स्पिनरबेट, पक्कड, जाळी सगळं घरी साबणाने धुवा, स्विव्हलही त्याने टिकतो. आणि असल्या पाण्यातला मासा मी खात नाही, शिसं-पारा शिजवून जात नाही.

पाण्याच्या ओढीबद्दल इतकंच की वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, घोट्याच्या जरा वर म्हणजे १५ सेंटिमीटर धावतं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. पाण्यात उतरायचं नाही, बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला तर नाहीच, तिथलं पाणी वरून पडून परत बंधाऱ्याकडे फिरतं आणि पडलेल्याला सोडत नाही. नाल्याच्या तोंडात उभं राहायचं नाही, इथे पाऊस नसला तरी वरच्या बाजूला असू शकतो. कार्बनच्या रॉडमधून वीज जाते, गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून आत जायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. पाण्यात उतरायचं नाही म्हणून लांब दांड्याची जाळी मात्र लागतेच, भिंत उंच असते आणि वाकून मासा उचलायचा मोह नको.

तर पाचपैकी चार. स्विव्हल चांगला असता तर साडेचार दिले असते, शिशाचं अर्धं तरीही कापलंच असतं. स्वच्छ पाण्यात, संथ तळ्यात घेणार असाल तर हा तुमच्यासाठी नाही, इतक्या धडधडीने मासे बिचकतात, विलोवाला घ्या. पाणी उतरायला लागल्यावर जायची ज्यांची तयारी आहे त्यांनी १४ ग्रॅमचाच घ्यावा, १० चा ओढीत वर उचलला जातो. मी उरलेल्या एकाची झालर बदललीय, नवा स्विव्हल लावलाय, आणि भिंतीवरची ओली रेघ खाली यायला लागली की निघणार आहे, त्याच शिवणीवर.